येझदी २५० : गरम झाली की रेस आपोआप चढते, मदत हवी आहे

मंडळी, १९७६ ची येझदी २५० (टू-स्ट्रोक मोटरसायकल) घेतलीय, बरीच वर्षं गोठ्यात पडून होती. इंजिन-चासी नंबर आरसीशी जुळतात, पण मधल्या काळात कोणी काय काय बदललंय ते कळायला मार्ग नाही. डायनॅमो ६ व्होल्टचाच आणि कॉइल मात्र १२ ची, सगळी वायरिंग एकाच लाल वायरने ओढलेली, कार्ब्युरेटर कुठल्यातरी दुसऱ्या गाडीचा आणि त्याच्या जेटवरचे (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) नंबर घासून गेलेले.

आतापर्यंत ६ व्होल्टची कॉइल, नवा कंडेन्सर, पॉइंटचा (ठिणगीची वेळ ठरवणारा स्विच) गॅप ०.४ मिमी, टाकी आतून साफ, पेट्रोलमध्ये लिटरला ४० मिली टूटी (2T, टू-स्ट्रोक इंजिनचं) ऑइल, एवढं झालंय. थंड असताना मस्त सुरू होते, गरम झाली की रेस आपोआप चढते आणि थ्रॉटल सोडला तरी खाली येत नाही. केबल मोकळी आहे, कार्ब्युरेटरमधली स्लाइड (केबलने वरखाली होणारी झडप) पूर्ण खाली बसते, कार्ब्युरेटरच्या जॉइंटवर स्प्रे मारून बघितला तर रेसमध्ये काहीच फरक नाही, म्हणजे तिथून हवा ओढत नसावी. म्हणून क्रँकच्या ऑइल सीलमधून (क्रँकशाफ्टच्या दोन्ही टोकांची रबरी सील) हवा ओढत असल्याचा संशय येतोय. गिअर ऑइलही कमी होतंय, पण क्लच कव्हरखालून थेंब पडतात त्यामुळे ते इंजिन ओढतंय की नुसतं गळतंय हे ठरवता येत नाही.

मेकॅनिक सरळ इंजिन फोडू म्हणतोय. मला ते शक्यतो टाळायचंय, कारण क्रँककेस (इंजिनचं खालचं कवच) अजून उघडलेली दिसत नाही, फॅक्टरीची तशीच असावी. तर इंजिन न फोडता, सील क्लच बाजूचं गेलंय की डायनॅमो बाजूचं, हे घरच्या घरी खात्रीने कसं ओळखायचं?