जाम इंजिन: गाडी ढकलण्याआधी

अनेक वर्षे उभ्या असलेल्या प्रीमियर पद्मिनीचे जाम इंजिन गाडी गिअरमध्ये टाकून ढकलल्यास सुटेल, असे काही जण सुचवतात. मला ते धोक्याचे वाटते. पिस्टनच्या रिंगा गंजामुळे सिलिंडरला धरलेल्या असतील, तर गाडीच्या वजनाच्या झटक्याने रिंग तुटू शकते. कुर्ल्यात बनलेल्या या १०८९ सीसीच्या साध्या इंजिनाला इतकी घाई सोसत नाही.

त्याऐवजी चारही स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल व अ‍ॅसिटोन यांचे समभाग मिश्रण थोडे ओतावे (आसपास ज्योत किंवा ठिणगी नको, बिडीसुद्धा नको), ते काही दिवस मुरू द्यावे आणि मग क्रँक पुलीच्या (इंजिनाच्या पुढच्या टोकाला पट्टा फिरवणाऱ्या चाकाच्या) नटावर लांब दांड्याचा पाना लावून इंजिन किंचित पुढे, किंचित मागे असे हलवावे. हट्टाने एकाच दिशेला जोर लावू नये. इंजिन फिरू लागले तरी प्लग लगेच बसवू नयेत, कारण पिस्टनवर साचलेला द्रव दाबला जात नाही आणि स्टार्टर मारताच कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. मिश्रण रिंगांवाटे खाली झिरपते, म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वी चेंबरमधले (इंजिनाच्या तळाच्या टाकीतले) तेल बदलणे आवश्यक आहे.