अग्निशमन केंद्राला अग्निसुरक्षा कशाला, असे विचारणाऱ्यांस

पांझराकाठ
परवा ‘भरीत पार्टी’ या टोपणनावाने लिहिणाऱ्यांनी आपल्या नगरपालिकेच्या अंदाजपत्रकावर एक टिपण लिहिले. अग्निशमन केंद्रासाठी आगसूचक यंत्रणा, नवे अग्निशामक सिलिंडर, कॅमेरे आणि फाटकावर एक रखवालदार अशी मागणी आली आहे, ती निव्वळ उधळपट्टी आहे, आणि जिथे बंब व बंबवाले चोवीस तास हजर असतात तिथे आग लागेलच कशी, असा त्यांचा सवाल होता. खाली हसणाऱ्यांची रांग लागली. मला हसू आले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

‘चोवीस तास हजर’ ही समजूतच मुळात खोटी आहे. तालुक्याच्या गावातील केंद्रात एका पाळीला चालक धरून चार-पाच माणसे मिळाली तरी नशीब समजायचे, आणि वर्दी आली की ती सगळी गाडीबरोबर निघून जातात. मागे फोनजवळ एखादा राहतो. कधी तोही राहत नाही. म्हणजे गावात कुठेतरी आग लागलेली असते नेमक्या त्याच वेळी केंद्र सताड उघडे आणि रिकामे असते. आत पोर्टेबल पंपासाठी ठेवलेले पेट्रोलचे कॅन असतात, ग्रीस असते, रात्रभर चार्जरला लावलेल्या बॅटऱ्या असतात, आणि विश्रांतीच्या खोलीत गाद्यांच्या शेजारी चहाची शेगडी असते, जी घाईघाईत बंद केली की नाही हे गाडी निम्म्या रस्त्यात गेल्यावर आठवते.

जर्मनीत हेसेन राज्यातील श्टाटआलेनडॉर्फ या गावी 16 ऑक्टोबर 2024 रोजी नवे कोरे अग्निशमन केंद्र जळाले. इमारतीत आगसूचक यंत्रणा नव्हती, कारण तिथे ती लागत नाही असेच संबंधितांचे मत होते. डझनभर गाड्या गेल्या आणि नुकसानीचा अंदाज दोन कोटी युरोंच्या वर गेला. लिथियम बॅटऱ्या असलेल्या आणि बाहेरून वीजजोडणी दिलेल्या एका गाडीपासून सुरुवात झाल्याचे तेव्हा सांगण्यात आले. त्यांच्या आजूबाजूच्या गावांत तरी केंद्रे होती. शिरपूरहून धुळे सुमारे 50 किलोमीटर आहे, आणि सातपुड्यातील धडगावला खालून गाडी पोहोचायची तर चांदसैलीचा घाट चढावा लागतो. आपल्याकडे केंद्र जळाले तर एक इमारत जळाली असे होत नाही. नवी गाडी मंजूर होऊन येईपर्यंत सबंध तालुका उघड्यावर पडतो.

भरीत पार्टी
पांझराकाठ यांनी जर्मनीपर्यंत जाण्याचे कष्ट घेतले त्याबद्दल आभार. मीही थोडे कष्ट घेऊन आपल्याच केंद्रावर जाऊन आलो. गाडी उभी राहते ती पत्र्याची शेड आहे, तिचे दोन पत्रे गेल्या वादळात उडाले ते अद्याप बसवलेले नाहीत. दुसरी गाडी चालकाअभावी उभी आहे. कर्मचारी कंत्राटी आहेत आणि त्यांचा पगार कधी होईल हे कंत्राटदारालाही माहीत नसते. अशा ठिकाणी आधी चालक द्यावा की भिंतीवर लाल दिवा लुकलुकवावा? शिवाय ज्या शेडमध्ये डिझेलची गाडी रोज सकाळी सुरू करून तपासली जाते, तिथे धूरशोधक बसवलात तर तो रोज सकाळी बोंबलेल, आणि आठ दिवसांत कोणीतरी त्याची वायर उपसून ठेवेल. हे पांझराकाठ यांना सुचले नाही, कारण त्यांनी केंद्र कागदावर पाहिलेले आहे.

सरकीपेंड
या निमित्ताने आम्हा जिनिंगवाल्यांचेही गाऱ्हाणे ऐकून घ्यावे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 खाली वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून ‘नमुना ब’, म्हणजे अग्निसुरक्षेची साधने चालू स्थितीत असल्याचा दाखला, घेऊन आम्ही दाखल करतो. दाखल करायला दोन दिवस उशीर झाला की नोटीस येते. एजन्सीचा माणूस येतो, सिलिंडरवर नवी चिठ्ठी डकवतो, पैसे घेतो आणि जातो. हायड्रंटचा, म्हणजे आगीसाठीच्या नळाचा, व्हॉल्व्ह उघडून पाणी येते का, हे त्याने एकदाही पाहिलेले नाही. आणि जिथून नोटीस निघते त्या केंद्राच्या दारातील सिलिंडरवरची चिठ्ठी मी स्वतः वाचली आहे. तारीख सांगत नाही, कारण मला तिथून नाहरकत दाखला घ्यायचा आहे.

भरीत पार्टी
लहान एकमजली शेड त्या कायद्याच्या अनुसूचीत बसते का, हे आधी पाहा.

पांझराकाठ
बसत नसेल तर आग विचारून परत जाणार आहे का? ज्यांनी दुसऱ्याला नियम शिकवायचा, त्यांनी स्वतःच्या दारात तो निदान पाळून दाखवावा, एवढेच म्हणणे आहे. मंत्रालयाला 21 जून 2012 रोजी आग लागली तेव्हा सबंध राज्याला नियम लावणारी फाइल आणि नियम धाब्यावर बसवणारी वायर एकाच इमारतीत होती, हे आपण पाहिलेले आहे.

निवृत्त लीडिंग फायरमन
दोघेही आगीबद्दल लिहीत आहेत आणि दोघांनीही कापूस विचारात घेतला नाही, याचे खानदेशात राहून आश्चर्य वाटते. जिनिंगची आग विझली असे डोळ्यांना दिसते तेव्हा ती गाठीच्या पोटात गेलेली असते. रुईची गाठ करकचून दाबलेली असते, पाणी वरून ओघळून जाते आणि आत धग दिवसेंदिवस टिकते. म्हणून गाठी फोडून, पसरून, एकेक थर भिजवावा लागतो. आमच्या नोकरीत अशाच एका कामावरून मध्यरात्रीनंतर परतलो. गाडीवरची ताडपत्री घडी करून भांडारात टाकली, कारण उभे राहण्याचेही त्राण नव्हते. पहाटे भांडाराच्या दाराखालून धूर येऊ लागला. ताडपत्रीच्या घडीत मूठभर रुई अडकून आली होती, आणि शेजारच्या कप्प्यात पेट्रोलचे कॅन होते. एकाला लघवीला उठावे लागले म्हणून ते दिसले. भांडारात यंत्रणा नव्हती आणि दाराशी टांगलेल्या सिलिंडरवर कोणाचा तरी रेनकोट होता.

आता यंत्राबद्दल. भरीत पार्टी यांचे धुराविषयीचे म्हणणे बरोबर आहे. गाडीच्या शेडमध्ये धूरशोधक लावायचा नसतो, उष्णताशोधक लावायचा असतो. तोही डोळे मिटून घेऊ नये. नेहमीचा उष्णताशोधक 57 अंशांच्या आसपास वाजतो, आणि मे महिन्यात बाहेर 45 अंश असताना आपल्या पत्र्याच्या पोटाशी किती होते, ते पत्र्याखाली झोपलेल्या माणसाला विचारा. तिथे 90 अंशांच्या वरचा घ्यावा. धूरशोधक विश्रांतीच्या खोलीत, भांडारात आणि वॉचरूममध्ये, म्हणजे फोन आणि नोंदवहीच्या खोलीत, लावावा. सिलिंडरचेही तसेच आहे. पावडरच्या सिलिंडरला काटा असतो, तो हिरव्या पट्ट्यात आहे का ते पाहता येते. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काटाच नसतो, तो वजन करूनच तपासावा लागतो आणि गॅसचे वजन दहा टक्क्यांनी घटले की भरून आणावा लागतो. चिठ्ठी बदलणाऱ्याच्या हातात वजनकाटा दिसला नाही, तर त्याला चहा पाजून परत पाठवावे.

भरीत पार्टी
निवृत्त फायरमन आबांनी माझे अर्धे म्हणणे मान्य केले, याची नोंद घ्यावी.

पांझराकाठ
आबांनी तुमचे अर्धे वाक्य मान्य केले आणि उरलेल्या टिपणावर पाणी ओतले, याचीही घ्यावी.

सातपुडा पायथा
पाणी म्हटलेच आहे म्हणून विचारतो, कारण यंत्रांच्या गप्पांत मूळ चोरी सुटते आहे. केंद्राची सुरक्षा म्हणजे पितळी नोझल आणि कपलिंग भंगारात जाऊ नयेत म्हणून कॅमेरे लावणे, असे सगळ्यांना वाटते. नोझल चोरीला जाते हे खरे आहे. पण सर्वांत जास्त चोरी होते ती टाकीतल्या पाण्याची. आमच्या गावी गेल्या उन्हाळ्यात एका लग्नाच्या मांडवासमोर धूळ बसावी म्हणून बंबाने सडा घातला गेला. त्याच संध्याकाळी शेतातल्या चाऱ्याच्या गंजीला आग लागली आणि गाडी आली ती निम्मी रिकामी. साडेचार हजार लिटरची गाडी पूर्ण क्षमतेने पंप चालवला तर तीन मिनिटेही पुरत नाही. निम्मी गाडी किती पुरली असेल, याचा हिशेब ज्याची गंजी गेली त्याने करून ठेवलेला आहे.

सरकीपेंड
लग्नाचे सोडा. नेत्यांच्या सभेआधी मैदानावर पाणी कोण मारते? हेलिकॉप्टर उतरायचे असेल तर सकाळपासून बंब तिथेच.

निवृत्त लीडिंग फायरमन
हेलिपॅडवर बंब उभा ठेवणे हे नियमाचे काम आहे, त्यात वावगे काही नाही. मैदान भिजवणे हे मात्र नियमात नाही. दोन गोष्टींची सरमिसळ करू नये.

सातपुडा पायथा
आबा, मान तुमचा आहे, पण ती सरमिसळ आम्ही करत नाही, फोन करणारा करतो. म्हणून केंद्राच्या फाटकाला कुलूप हवे, टाकीला कुलूप हवे आणि नोंदवहीत सही केल्याशिवाय एक बादलीही बाहेर जाऊ नये.

तापीकाठची
कुलपाची भाषा ज्यांच्या घरी नळाला पाणी येते त्यांना शोभते. मे महिन्यात आमच्या वस्तीत आठ-आठ दिवस नळ येत नाही. तेव्हा केंद्राच्या बोअरवरून दोन हंडे नेणाऱ्या बायकांना तुमचा रखवालदार हाकलणार आहे का? लग्नाच्या सड्यासाठी गाडी बाहेर गेली ती कोण्या बाईच्या सांगण्यावरून गेली नाही. ज्याच्या फोनवर फाटक आपोआप उघडते त्याला तुमचे कुलूप अडवणार नाही, आणि जिच्याकडे फोनच नाही तिला मात्र पहिल्या दिवसापासून अडवेल.

सातपुडा पायथा
ताई, भावना कळते. पण एखाद्या घराला आग लागल्यावर त्या घरच्यांना ‘पाणी हंड्यांत गेले’ असे सांगायला तुम्ही पुढे याल का?

तापीकाठची
येईन. तुम्ही ‘पाणी मांडवात गेले’ असे सांगायला त्या दिवशी गेला होतात का? गावात राहून मांडवात जेवलात, आणि इथे टोपणनावाने तक्रार लिहीत आहात.

सातपुडा पायथा
मी त्या लग्नात जेवलो नाही. बोलावणेच नव्हते.

भरीत पार्टी
आता कळले तक्रारीचे मूळ.

पांझराकाठ
ही थट्टा पुरे. तापीकाठची यांचा मुद्दा रास्त आहे आणि सातपुडा पायथा यांचाही चुकीचा नाही, पण दोघांनाही हवे ते कुलपाशिवाय मिळू शकते. जिथे घरगुती आणि आगीसाठीचे पाणी एकाच टाकीत साठवतात, तिथे घरगुती नळाचे तोंड टाकीच्या तळाशी न ठेवता वर ठेवतात आणि पंपाचे तोंड तळाशी. वरचे पाणी कोणीही न्यावे. नळ कोरडा पडला की समजायचे, खाली उरले ते आगीचे. हंडेवाली बाई भांडत नाही, कारण भांडायला समोर माणूस नसतो. याला फार तर एक प्लंबर आणि दोन दिवस लागतील.

निवृत्त लीडिंग फायरमन
टाकीचे ठीक आहे. बंबाच्या पोटातले पाणी मात्र नळाने राखता येत नाही, त्याला वॉचरूमची नोंदवहीच लागते: गाडी कोणाच्या आदेशाने, किती वाजता, कुठे गेली आणि परतल्यावर पूर्ण भरून उभी केली की नाही. आमच्या वेळी तोंडी आदेशावर गाडी काढली तर नोंदीत आदेश देणाऱ्याचे नाव लिहीत असू. नाव लिहितो म्हटले की निम्मे फोन तिथेच बंद होत.

तापीकाठची
कंत्राटी मुलगा साहेबाचे नाव वहीत लिहील, आणि पुढच्या महिन्यात तो कामावर असेल, असे आबांना खरोखर वाटते का?

निवृत्त लीडिंग फायरमन
नाही वाटत. म्हणूनच कायम माणसे भरा, असे निवृत्त होईपर्यंत सांगत होतो.

भरीत पार्टी
म्हणजे फिरून गाडी माझ्याच मुद्द्यावर आली. आधी चालक, आधी कायम कर्मचारी, मग दिवे. तरीही आबांची ताडपत्री वाचल्यावर भांडार आणि विश्रांतीच्या खोलीपुरत्या यंत्रणेला माझा विरोध राहिलेला नाही. रखवालदाराला आहे. पगार द्यायचाच तर रखवालदार नको, गाडी बाहेर असताना फोनजवळ बसून राहील असा माणूस द्या. तोच फाटकही पाहील, शेगडीही आणि पाणीही. कॅमेऱ्यांचे मला विचारू नका, आपल्या चौकातले कॅमेरे काय पाहतात ते सर्वांना माहीत आहे.

सरकीपेंड
आणि आमचा ‘नमुना ब’?

पांझराकाठ
सरकीपेंड, तुमच्या हायड्रंटचा व्हॉल्व्ह तुम्ही स्वतः उघडून पाहा, त्याला एजन्सी लागत नाही.
भरीत पार्टी, ‘विरोध राहिलेला नाही’ हे तुमच्या मूळ टिपणाखालीही लिहावे, कारण हसणारे सगळे तिथे आहेत, इथे कोणी वाचत नाही. आणि मुख्याधिकाऱ्यांना द्यायच्या अर्जात शेडसाठी ‘उष्णताशोधक, 90 अंशांच्या वरचा’ असे आबांच्या शब्दांत स्वतंत्र लिहा. नुसते ‘आगसूचक यंत्रणा’ लिहिलेत, तर पुरवठादार सगळीकडे धूरशोधक लावून बिल काढून मोकळा होईल, आणि मग तुमचे पहिले टिपण खरे ठरेल.