जंगलातील पदभ्रमणात परवानाधारक बंदूक नेण्याबाबत मदत हवी आहे

सोलापूरहून आम्ही काही जण हिवाळ्यात कोयना परिसरात पाठीवर सामान घेऊन पदभ्रमण करणार असून, गवे आणि अस्वलांच्या धास्तीने आमच्यातील एका ज्येष्ठांनी आपली बारा बोअरची बंदूक सोबत घेण्याचा आग्रह धरला आहे. परवाना त्यांच्याच नावावर, आत्मसंरक्षणासाठी दिलेला आणि संपूर्ण महाराष्ट्रासाठी वैध आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३१ नुसार मुख्य वन्यजीव रक्षक किंवा प्राधिकृत अधिकारी यांच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही, हे वाचल्यावर आम्ही अभयारण्य मार्गातून वगळले. मुक्कामही गावांतच करणार आहोत. मला स्वतःला बंदूक नकोच वाटते, कारण जखमी गवा अधिकच धोकादायक ठरतो. परंतु त्यांना समजावण्यासाठी नेमका नियम हाती हवा. परवाना शाखेत विचारले असता वनखात्याकडे चौकशी करा, एवढेच उत्तर मिळाले. अभयारण्याबाहेरील राखीव वनातून जाताना परवानाधारकास शस्त्र बाळगण्यासाठी वनखात्याची वेगळी लेखी परवानगी लागते का, आणि लागत असल्यास अर्ज सोलापूरच्या उपवनसंरक्षकांकडे करावा की मार्ग ज्या जिल्ह्यातून जातो तेथील?