पायलट अनुदान आधी, की जतला डॉक्टर आधी?

फडावरचा (वाळवा)
मिरजेत डॉ. वॉनलेसनी १८९४ ला मिशनचा दवाखाना काढला, १९६२ ला सरकारी मेडिकल कॉलेज आलं. आज तिथं डॉक्टरांचे बोर्ड वाचत चाललं तर मान दुखते. आणि त्याच सांगली जिल्ह्यात जत तालुक्यातल्या उमदीच्या माणसाला सांगलीपेक्षा विजापूर जवळ पडतं.

पण फरक नुसत्या अंतराचा नाही. ऊसतोडीच्या बायका घ्या. २०१९ ला नीलम गोऱ्हे समितीनं बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर बायकांची पाहणी केली, तर १३ हजारांवर जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. बीडच्याच टोळ्या दिवाळीनंतर आपल्या फडात कोयता चालवतात.

माझं म्हणणं असं की आरोग्यात असा फरक का पडतो ते छोट्या प्रमाणावर तपासून बघायला सरकारनं आणि साखर कारखान्यांनी मिळून पाच-सात लाखांची पायलट अनुदानं द्यावीत. अट एकच: मेडिकल कॉलेजचा डॉक्टर एकटा नको, जोडीला ग्रामीण रुग्णालयाचा डॉक्टर हवा. निकाराग्वा, एल साल्वाडोरमध्ये उन्हात ऊस तोडणाऱ्या तरण्या गड्यांच्या किडन्या निकामी होतात हे तिथं उघड झालं, मग पाणी, सावली, विश्रांती देऊन बघितली. आपल्या टोळीचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी नीट चालते का ते सांगणारी रक्ताची तपासणी, सीझनच्या सुरुवातीला आणि शेवटी तपासायला किती खर्च येणार आहे?

जतकर
कडाडून विरोध. आमच्या गावात एक पथक आलं, रक्त घेतलं, बिस्किटचा पुडा दिला, गेलं. आईचा रिपोर्ट आजतागायत आला नाही. पुढं कुणीतरी त्यावर पेपर छापला असेल, त्याचं आम्ही काय करू? फरक का आहे हे शोधायला पाच लाख कशाला? मी फुकट सांगतो. डॉक्टर नाही, पाणी नाही, रात्री गाडी नाही. त्या पैशात वर्षभर सोनोग्राफीवाला बसवा.

आकडेमोड्या (कराड)
मी मध्येच. 'पायलट' शब्दाचा आपल्याकडं फार गैरवापर होतो. चाळीस जणांवर करून बघितलं, गुण आला, लावा बातमी! पायलटमधून उपचार लागू पडतो का ते कळतच नाही, तेवढी माणसंच नसतात. मोठा अभ्यास करता येईल का, एवढंच कळतं. किती जण तयार होतात, किती मध्येच सुटतात, तपासणीला लोक येतात का.

म्हणूनच ऊसतोडीत ते हवं. सहा महिने पाठपुरावा असं कागदावर लिहाल, आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की टोळी ट्रॅक्टरवर संसार बांधून निघून जाईल. निम्मे पेशंट परळीत. हे एक कोटी घालवून कळण्यापेक्षा पाच लाखांत कळलेलं बरं.

जतकर
म्हणजे पाच लाख घालून एवढंच कळणार की अभ्यास जमत नाही. धन्य!

घाटावरची (महाबळेश्वर)
जतकर, आंबेनळी घाट उतरून पलीकडं जा. डॉ. बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, तिथं बसून विंचूदंशाच्या पेशंटांच्या नोंदी ठेवल्या, प्राझोसिन हे औषध वापरून बघितलं, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं. पूर्वी दहातले तीन-चार दगावायचे, ते शंभरात एकावर आलं. संशोधन म्हणजे रक्त घेऊन पळणं नव्हे.

जतकर
मग माझाच मुद्दा झाला की. त्यांना कुठलं अनुदान होतं, कुठलं सहकार्य होतं? डॉक्टर तिथं राहिला, पेशंटच्या उशाशी बसला. तो राहिला नसता तर नोंदी कुणी ठेवल्या असत्या?

घाटावरची (महाबळेश्वर)
याला माझ्याकडं उत्तर नाही. पण सगळेच बावस्कर नसतात, बाकीच्यांना थोडा टेकू लागतो.

आशा म्हणून काम करते
ताई-दादांनो, बराच वेळ वाचतेय. बाळंतिणीच्या घरी आम्ही ४२ दिवसांत सहा भेटी देतो, घरीच बाळंतपण झालं असेल तर सात. बाळाचं वजन, ताप, श्वास बघतो. हे डॉ. बंग यांच्या गडचिरोलीतल्या ३९ गावांच्या प्रयोगातून आलं. १९९९ ला छापलं गेलं, आमच्या हातात २०११ ला आलं. त्यामुळं संशोधन नको असं मी म्हणणार नाही.

पण सहयोगी म्हणजे कोण? फडावरच्यांनी दोन डॉक्टरांची जोडी सांगितली. पालावर पहाटे चारला जायचं कुणी? बाई त्यानंतर सापडतच नाही. कुणाच्या नवऱ्याला आधी विचारायचं, मुकादमाला कसं गप्प करायचं, हे आम्हालाच माहीत. आमचं नाव कुठं येत नाही, फॉर्ममागं काही रुपये येतात, तेही उशिरा. आणि संमतीपत्र मराठीत आणता. जतच्या पूर्वेला घरात कानडी बोलतात. ती बाई अंगठा देते ते माझ्याकडं बघून. उद्या रिपोर्ट आला नाही तर शिव्या मला.

फडावरचा (वाळवा)
ताई, पटलं. दोन डॉक्टरांची अट अपुरी होती. आशा आणि टोळीतली एक बाई धरून चौघं हवेत, आणि पैशाचा निम्मा भाग गावाकडच्या जोडीदाराच्या हातात. अभ्यासाला परवानगी देणाऱ्या नीतिमत्ता समितीकडं प्रस्ताव जाण्याआधीच रिपोर्ट कुणी, कधी पोचवायचा ते ठरलेलं असावं. पण जतकर, डॉक्टर येईपर्यंत काहीच बघायचं नाही, हे मला अजूनही मान्य नाही.

जतकर
डॉक्टर आणा असं म्हणणं सोडणार नाही. पण रिपोर्ट किती दिवसांत देणार ते संमतीपत्राच्या पहिल्या ओळीत टाका. कानडी मजकूर मी तपासून देतो, आईला वाचून दाखवतो. तिला समजलं तर पुढं बोलू.