आजोबांच्या रेकॉर्ड्सवर बुरशी, काय लावू? (तातडीने मदत हवी)

सुपारीबाग: माळ्यावरच्या पेटीत आजोबांच्या चाळीसेक रेकॉर्ड्स सापडल्या. सगळ्यांवर पांढरी बुरशी. कोरड्या फडक्याने पुसली तर नुसती पसरते. रविवारी आजीला ऐकवायच्यात. लवकर सांगा, प्लीज.

टिवल्याबावल्या: एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, तीन भाग डिस्टिल्ड वॉटर. मायक्रोफायबरने खाचांच्या दिशेने गोल पुसा. माझ्या शंभरेक एलपी (व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकच्या लाँग-प्ले रेकॉर्ड्स) अशाच चकाचक झाल्यात.

जुनंखोड: थांबा! आधी रेकॉर्ड्स कसल्या ते कळू दे. लाखेच्या की व्हिनाइलच्या? चपडा म्हणजे लाखच, आणि पॉलिशवाला तो स्पिरिटमध्येच, म्हणजे अल्कोहोलमध्येच विरघळवतो ना? लाखेच्या तबकडीला अल्कोहोल लावलंत तर बुरशीबरोबर गाणंही पुसलं जाईल.

सुपारीबाग: रेकॉर्ड म्हणजे रेकॉर्ड हो. काळ्या, गोल.

जुनंखोड: दोन्ही काळ्याच असतात! लेबलवर मिनिटाला फेरे ७८ (बहुधा लाख) की ३३ (व्हिनाइल)? एका बाजूला गाणी किती?

घरचा_वैद्य: फेविकॉल थापा, रात्रभर वाळू द्या, साल निघते तसं सोला. सगळी घाण सोबत येते.

जुनंखोड: लाखेच्या असतील तर सोलताना टवके येतील. हे व्हिनाइलवाल्यांचे खेळ आहेत.

घरचा_वैद्य: मी स्वतः केलंय.

जुनंखोड: लाखेवर?

पावसाळी_बेडूक: एवढा खटाटोप कशाला? यूट्यूबवर सगळं मिळतं. बाय द वे, चोर बाजारात अशा पेटीचे किती येतील?

सुपारीबाग: विकायच्या नाहीयेत!! लेबलवर कुत्रा आहे, आकडा पुसट. दोन्ही बाजूंना एकेकच गाणं. एकीच्या कडेचा टवका उडालाय, आतून करडं, खरखरीत दिसतंय.

जुनंखोड: लाख. अल्कोहोल बंद. नाकाला फडकं बांधा, अंगणात बसा, मऊ ब्रशने कोरडी बुरशी झटका. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब, फडकं ओलं करून घट्ट पिळा. लेबलला पाणी लागू देऊ नका, तबकडी भिजत टाकू नका. लगेच पुसून उभ्या वाळवा. उन्हात नको, वाकतील. वाजवणार कशावर?

सुपारीबाग: मामाने आणलेला सूटकेससारखा प्लेअर.

टिवल्याबावल्या: त्याला ७८चा स्पीड आहे का बघा. आणि सुई एलपीची असेल तर खाचेच्या तळाशी घासेल. ७८ला तिपटीहून जाड सुई लागते.

सुपारीबाग: स्पीड आहे. सुई वेगळी लागते हे आधी सांगायचं ना! आणि चाळिसातल्या तीन पातळ आहेत, हातात वाकतात. त्यांना टिवल्याबावल्यांचं मिश्रण चालेल?

जुनंखोड: चालेल. वाकतात म्हणजे त्या व्हिनाइलच्या. फडकं वेगळं घ्या.