नोटिशीत ‘वाढ’ की ‘वृद्धी’?

सेक्रेटरी: आपल्या सोसायटीच्या नोटिशीचा मसुदा. “१ तारखेपासून देखभाल शुल्कात ४०० रुपयांची वृद्धी, पाण्याच्या टाकीचे संवर्धन, थकबाकी भरण्यास कालावधीची वाढ. कामाच्या शुभारंभी नारळ वाढवला जाईल.” काही चुकलं असेल तर आत्ताच सांगा, फलकावर लागल्यावर नको.

ए-१०४: वृद्धी खोडा. दोन्ही शब्द ‘वृध्’ धातूचेच, पण वाटण्या कधीच झाल्यात. पगारवाढ, भाडेवाढ, दरवाढ. पेट्रोलची दरवृद्धी झाली असं कोण म्हणतं? वृद्धी हव्याशा गोष्टीची. धनाची, ज्ञानाची, वंशाची.

सी-५०२: पेपरात ‘आर्थिक वृद्धी’ असतंच की काका.

ए-१०४: ती हवीशीच आहे ना! ४०० रुपये जास्त भरायची हौस कुणाला?

बी-३०२: आमच्या कोकणात घरात मूल जन्मलं की वृद्धी येते. सोयर हो. दहा दिवस देवाला शिवायचं नाही. शुल्काला वृद्धी आली तर दहा दिवस कुणी हात लावणार नाही 😂

सेक्रेटरी: काकू, तसेही महिनामहिना लावत नाहीत 😅

ए-१०४: आणि संवर्धन म्हणजे आहे ते जपणं, जोपासणं. वृक्षसंवर्धन, पशुसंवर्धन. आपली टाकी १० हजार लिटरची १५ हजारांची होणार, ती काय गाय आहे? ‘टाकीची क्षमता वाढवणे’ लिहा. ‘कालावधीची वाढ’ला ‘मुदतवाढ’ हा रुळलेला शब्द आहे.

बी-२०१: ‘शुल्कात सुधारणा’ चालेल का? आमच्या ऑफिसात तसंच लिहितात, कुणी भडकत नाही.

ए-१०४: बिल आल्यावर भडकतील. सुधारणा म्हटलं की कमी झालं असंही वाटू शकतं. वाढ आहे, वाढ लिहा.

सी-४०३: नारळ वाढवणार म्हणजे एकाचे दोन आणणार का? 🤔

बी-३०२: अरे बाळा, वाढवणे म्हणजे फोडणे! शुभकार्यात ‘फोडला’ म्हणत नाहीत. बांगडी पिचली तरी आई ‘वाढवली’च म्हणायची. ते वाक्य राहू दे तसंच.

सेक्रेटरी: बरं. “देखभाल शुल्कात ४०० रुपये वाढ, टाकीची क्षमता वाढवणे, थकबाकीदारांना मुदतवाढ.” लावू का?

सी-५०२: थांबा. सर्वसाधारण सभेत ३५० ठरले होते. वरचे ५० कधी वाढले?