बी.स्टॅट.च्या पहिल्या वर्षात 38 गुण: उत्तीर्ण असूनही बॅक-पेपर द्यावा का?

सांगलीचा पालक:
नमस्कार. माझी मुलगी कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत बी.स्टॅट. या सांख्यिकीच्या पदवी अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला आहे. पहिल्या सत्राचा निकाल नुकताच लागला. तिला अ‍ॅनालिसिसमध्ये 38, व्हेक्टर्स अँड मॅट्रिसेसमध्ये 41, प्रोबॅबिलिटीत 48, स्टॅटिस्टिकल मेथड्समध्ये 52 आणि प्रोग्रॅमिंगमध्ये 57 गुण मिळाले आहेत. दहावी-बारावीला गणितात शंभराच्या आसपास गुण पाहण्याची सवय असल्यामुळे घरात दोन दिवस कोणी कोणाशी नीट बोललेले नाही. ती म्हणते की ती कशातही नापास नाही, तरीही पहिल्या दोन विषयांत बॅक-पेपर, म्हणजे गुण सुधारण्यासाठीची फेरपरीक्षा, देण्याची मुभा आहे. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो, त्यामुळे एटीकेटी मला ठाऊक आहे. पण उत्तीर्ण झालेल्याने पुन्हा परीक्षेला बसायचे, हे मला उमगलेले नाही. शिवाय कितीही चांगला पेपर लिहिला तरी 45 च्या वर गुण मिळत नाहीत म्हणे. मग त्यासाठी सुट्टी खर्ची घालण्यात अर्थ आहे का?

माजी विद्यार्थी, बरानगर:
काका, सर्वप्रथम एटीकेटी डोक्यातून काढून टाका, कारण राहिलेला विषय सोबत घेऊन पुढच्या वर्गात जाण्याची ती सोय इथे जशीच्या तशी लागू होत नाही. मी सांगतो ते माझ्या तुकडीच्या नियमपुस्तिकेप्रमाणे आहे. मुलीच्या तुकडीला जी पुस्तिका दिलेली असेल तीच अखेर ग्राह्य धरायची.

प्रत्येक विषयाचे अंतिम गुण हे मिड-सेम (सत्राच्या मध्यावरची परीक्षा), सत्रान्त परीक्षा, गृहपाठ किंवा प्रकल्प यांची भारित सरासरी असतात, म्हणजे प्रत्येकाला ठरावीक वजन देऊन काढलेली. त्यात 35 टक्के मिळाले की तो विषय उत्तीर्ण. मात्र श्रेयांक (क्रेडिट) असलेल्या विषयात गुण 45 पेक्षा कमी असतील, तर बॅक-पेपरला बसता येते. त्यासाठी शिक्षक समितीची परवानगी लागते. मूळ गुण आणि बॅक-पेपरचे गुण यांपैकी जे जास्त, ते धरले जातात, पण 45 या मर्यादेपर्यंतच. म्हणजे पेपर अगदीच फसला तरी 38 चे 36 होत नाहीत. या बाबतीत नियम विद्यार्थ्याच्या बाजूचा आहे.

आता हिशेब पाहू. पाच विषयांची बेरीज 236, म्हणजे सरासरी 47.2. पहिल्या वर्षातून दुसऱ्यात जाण्यासाठी वर्षभराच्या श्रेयांक विषयांची सरासरी किमान 45 हवी आणि कोणत्याही विषयात 35 पेक्षा कमी गुण नकोत. दोन्ही सत्रांचे दहा विषय धरले तर 450 ची बेरीज लागते. आहे तसेच सोडले तर दुसऱ्या सत्रात 214 गुण, म्हणजे सरासरी 42.8 मिळवावी लागेल. दोन्ही बॅक-पेपरमध्ये 45 पडले तर बेरीज 247 होते आणि दुसऱ्या सत्रासाठी 203, म्हणजे सरासरी 40.6 पुरते. सरासरीतले हे दोन गुण सांगलीत बसून किरकोळ वाटतील; पण अ‍ॅनालिसिस एकमध्ये 38 मिळवणाऱ्याला अ‍ॅनालिसिस दोन पुढ्यात आल्यावर ते तसे वाटत नाहीत. शिवाय पदवीची श्रेणी ठरवताना केवळ एकूण सरासरी नव्हे, तर 45 च्या खाली किती विषय राहिले हेही मोजले जाते, आणि माझ्या मते बॅक-पेपर देण्याचे खरे कारण ते आहे.

एक अडचण मात्र आहे. बॅक-पेपर संपूर्ण अभ्यासक्रमावर असतो आणि त्यात मिड-सेमचे किंवा गृहपाठाचे गुण मिळवले जात नाहीत. त्यामुळे गृहपाठाच्या आधाराने 41 पर्यंत पोचलेल्या विद्यार्थ्याला निव्वळ लेखी पेपरवर 45 मिळवणे वाटते तितके सोपे नसते.

पुण्याहून एक मावशी:
विषयाला धरूनच विचारते. माझ्या भाच्याची याच अभ्यासक्रमातील एक मिड-सेम परीक्षा डेंग्यूमुळे बुडाली. त्यालाही हीच 45 ची मर्यादा लागू होते का?

निवृत्त प्राध्यापिका:
नाही. या दोन स्वतंत्र परीक्षा आहेत आणि त्यांची गल्लत पालकच नव्हे, विद्यार्थीही करतात. आजारपणामुळे किंवा घरातील आपत्तीमुळे परीक्षा चुकली, तर पुरेसा पुरावा पाहून शिक्षक समिती पुरवणी परीक्षेची परवानगी देऊ शकते. तिच्यात जास्तीत जास्त 60 टक्के गुण मिळतात, आणि ते बॅक-पेपरप्रमाणे स्वतंत्र न राहता चुकलेल्या परीक्षेच्या जागी धरून इतर गुणांबरोबर मिळवले जातात. समजा मिड-सेमचा भार 30 असेल, तर भाच्याला त्यातून फार तर 18 मिळतील. बाकीच्या 70 मध्ये काही कमी पडले नाही, तर विषयाचे गुण 88 पर्यंत जाऊ शकतात. रुग्णालयाची कागदपत्रे आणि तपासणीचे अहवाल आजच एका फाइलमध्ये लावून ठेवावेत.

सांगलीच्या सरांसाठी आणखी एक गोष्ट. एका विषयाचा बॅक-पेपर एकदाच देता येतो, आणि माझ्या माहितीतील नियमांप्रमाणे पहिल्या वर्षात श्रेयांक विषयांचे चारच बॅक-पेपर जमेस धरतात; पुढच्या दोन वर्षांत प्रत्येकी दोनच. पण चारपेक्षा जास्त दिले, तर त्यांतील कोणते सोडून द्यायचे हे विद्यार्थ्याला वर्षाअखेरीस ठरवता येते. त्यामुळे ‘आत्ताच दोन संपवले तर दुसऱ्या सत्रात काय करू’ या भीतीने आजची संधी दवडण्याचे कारण नाही.

सांगलीचा पालक:
आपणा दोघांचे आभार. 45 ची मर्यादा ऐकून मी ही परीक्षा शिक्षा समजत होतो, आणि गुण खाली जाऊ शकत नाहीत ही गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती. मुलीशी काल बोललो. दोन्ही पेपरांना बसायचे तिने ठरवले आहे, मात्र सुरुवात 41 च्या विषयापासून न करता अ‍ॅनालिसिसपासून करणार आहे, कारण दुसऱ्या सत्रात पहिल्याच आठवड्यापासून त्याची गरज लागेल. नियमपुस्तिका तिच्याकडे होतीच. प्लास्टिकचे वेष्टनसुद्धा अजून काढलेले नव्हते.